मधुचंद्र आणि मृग

गेल्या वैशाखात माझा एक जुना विद्यार्थी लग्नाची पत्रिका घेऊन घरी आला. पत्रिका देवापुढे ठेवून झाली, चहा झाला, तरी स्वारी उठेना. सौ. कपबशा घेऊन आत गेल्यावर त्याने हळूच विचारले, "सर, मे महिन्याच्या अखेरीस आंबोली बरी, की महाबळेश्वर? पाऊस आडवा यायला नको." आमच्या पिढीत मास्तरांना असे विचारण्याची कोणाची छाती नव्हती. मला मात्र प्रश्न आवडला. भूगोलाचा इतका निकडीचा उपयोग वर्गात मला कधीच दाखवता आला नव्हता.

आपल्या निपाणी-बेळगाव भागात लग्नाची तिथी एकटे पंचांग ठरवीत नाही. पावसाळ्यात लावलेला तंबाखू हिवाळ्यात निघतो आणि त्याचे पैसे हाती पडेपर्यंत उन्हाळा लागतो. पुढे आषाढी एकादशीपासून चातुर्मास. तुळशीचे लग्न लागल्याखेरीज माणसांची लग्ने नाहीत. त्यातच ७-८ जूनच्या सुमारास मृग निघाला की शेतकऱ्याच्या मुलाला बांधावर हजर राहावे लागते. तेव्हा नवदांपत्याच्या वाट्याला येतो तो अक्षय्य तृतीया ते मृग एवढाच काळ, आणि नेमका तोच वळवाचा! सकाळी आभाळ निरभ्र, दुपारी जीव कासावीस करणारा उकाडा, आणि चारच्या सुमारास काळे ढग, वावटळ, विजा, कधी गारा. वळीव बहुधा तास-दोन तासांत आटोपतो, एवढाच त्याचा गुण. म्हणून या दिवसांत फिरणे सकाळी उरकावे. दुपारी तीननंतर घाटात, उघड्या माळावर किंवा झाडाखाली असू नये. अर्थात हाही हिशेब आता पक्का राहिलेला नाही. २०२५ साली मोसमी पाऊस केरळात १ जूनऐवजी २४ मे रोजीच आला आणि २६ मेला मुंबईत पोहोचलासुद्धा.

तिथी आपल्या हातची नसली तरी स्थळ आपल्या हातचे असते, आणि त्या बाबतीत आपण सीमाभागातले लोक फार भाग्यवान आहोत. समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीला अडून कड्यावर रिते होतात आणि पूर्वेकडे उतरता उतरता कोरडे पडतात. त्यामुळे सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बेळगावला त्याचा पाचवा-सहावा हिस्सा, तर गोकाकला बेळगावच्या सुमारे निम्मा. एका दिवसाच्या प्रवासात तीन वेगळे ऋतू!

आणि गंमत अशी, की आंबोलीत उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर अशी येऊन घटप्रभेला मिळते, आणि घटप्रभा गोकाकला सुमारे ५२ मीटर खाली झेपावते. भर पावसाळ्यात आंबोलीच्या महादेवगडावर उभे राहिले तर धुक्याखेरीज काही दिसत नाही. कधी कधी शेजारचे माणूसही दिसत नाही. (मधुचंद्रात हा गुण की दोष, ते ज्याचे त्याने ठरवावे.) तिथे न दिसलेला तो पाऊस गोकाकला तांबूस लोंढा होऊन, बऱ्याचदा मोकळ्या आभाळाखाली, डोळे भरून पाहता येतो. मात्र हिडकल धरणातून पाणी सुटले आहे ना, याची चौकशी करून निघावे. गोव्याचा समुद्र जून ते सप्टेंबर काठावरूनच पाहावा. पाण्यात पाऊल घालू नये.

मला विचाराल तर खरा काळ दसऱ्यापासून मार्गशीर्षापर्यंतचा. हवा धुतलेली, गारवा सोसवेल इतका, आणि महादेवगडावरून खाली कोकण स्वच्छ दिसते. पण माझे कोण ऐकतो? माझ्या भाचीनेही ऐकले नाही. २०१९च्या वैशाखात लग्न झाले, जावईबापूंना रजा मिळाली ती ऑगस्टात, आणि दोघे महाबळेश्वरला गेले. परतताना पंचगंगेचे पाणी कोल्हापूरजवळ महामार्गावर चढले. वाहतूक कित्येक दिवस बंद! दोघे साताऱ्यात अडकले आणि इकडे निपाणीला तिची पहिली मंगळागौर. गल्लीतल्या सुवासिनींना आमंत्रणे गेलेली, आणि माझी बहीण फोनपाशी बसून डोळे पुसते आहे. तिकडे लॉजच्या मालकीणबाईंनी आपला पाट आणि अन्नपूर्णा दिली. जावईबापू भर पावसात परसातून पत्री गोळा करून आले. सोळा प्रकारांची हवी, मिळाली नऊ. त्यात दोन पाने भोपळ्याची होती, हे भाचीने बहिणीला वर्षभर सांगितले नाही.

हे सारे ऐकून माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, पण रजा मेमधलीच मंजूर झालीय. आठ दिवसांची."

मग आम्ही दोघांनी कागद-पेन्सिल घेतली. आत्ता तीन दिवस आंबोली. सकाळी फिरायचे, दुपारी तीनच्या आत खोलीवर. उरलेले पाच दिवस तुळशीच्या लग्नानंतर घेता येतात का, ते तो साहेबांना विचारणार होता. उंबऱ्यात चपला घालताना तो पुन्हा थबकला.

"सर, छत्र्या किती घेऊ?"

"एकच घे," आतून सौ. म्हणाली.