दोहाला दीड तास

नागपूरहून बोस्टनचं तिकीट शोधताना ‘दोहा, १ तास ३५ मिनिटं’ असं दिसलं की पोटात गोळा येतो. परक्या विमानतळावर, सोबत आईला घेऊन, एवढ्यात विमान बदलायचं? पण हा दीड तास कुणीतरी फार हिशेबाने बसवलेला असतो.

नागपूर-बोस्टन थेट विमान रोज कोण भरणार? नागपूर-दोहा भरतं आणि दोहा-बोस्टनही भरतं. पूर्वेची १० शहरं पश्चिमेच्या १० शहरांना थेट जोडायची तर १०० मार्ग लागतील. मध्ये एक विमानतळ ठेवला की २० पुरतात! मात्र त्यासाठी सगळी विमानं साधारण एकाच वेळी यायला हवीत, आणि माणसांची अदलाबदल झाली की एकापाठोपाठ एक उडायला हवीत. म्हणून दोहा-दुबईला विमानांच्या लाटा येतात. आखाताकडे जाणारी आपली कितीतरी विमानं भलत्या अपरात्री का सुटतात, त्याचं बरंचसं उत्तर या लाटांमध्ये आहे.

तुम्ही वर गेट शोधत असता तेव्हा खाली तुमची बॅगही धावत असते. तिच्या टॅगवर दहा आकडी क्रमांक असतो. स्कॅनर तो वाचतो आणि बॅग योग्य पट्ट्यावर वळते. टॅग फाटलाच तर पंचाईत नको, म्हणून त्याच क्रमांकाचा छोटा स्टिकर बॅगेच्या अंगावरही चिकटवतात.

विमान बदलायला किमान किती वेळ हवा, हे विमानतळागणिक ठरलेलं असतं. व्हिएन्नाला तर २५ मिनिटं पुरतात! त्याहून कमी वेळाची जोडणी एका तिकिटावर सहसा मिळतच नाही. पहिलं विमान उशिरा आल्याने दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीकडे लागतं. दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडतात खरी, पण ही हमी जाते. माझ्या मते आईबाबांसाठी तरी तो मोह नको.

खरी घाई अमेरिकेत. तिथे पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन होतं, बॅग घेऊन पुन्हा द्यावी लागते, त्यामुळे शिकागोला विमान बदलायचं तर तीन तास तरी हवेत. याला अबू धाबी अपवाद. २०१४पासून अमेरिकेचे अधिकारी तिथेच बसून शिक्का मारतात. तिथून न्यूयॉर्कला उतरलेला माणूस, पुण्याहून दिल्लीला आल्यासारखा, सरळ बॅगेच्या पट्ट्याकडे चालू लागतो.