मधमाशीचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं

मधमाशीपालनाचं कुठलंही इंग्रजी पुस्तक उघडा, त्यात हिवाळ्याची धास्ती भरलेली असते. बर्फात गाडलेल्या पेट्या, थंडीत एकमेकींना बिलगून बसलेल्या माश्या, वसंतापर्यंत मध पुरेल की नाही याची चिंता. युरोपातल्या माशीपुरतं ते खरंच आहे. पण महाबळेश्वर-जावळीच्या डोंगरात किंवा घाटाखाली कोकणात परसदारी पेटी ठेवायची असेल, तर ते वेळापत्रक गुंडाळून ठेवायचं. आपल्याकडे हिवाळा म्हणजे माशीची भरभराट. जीव मुठीत धरून बसायचे दिवस येतात ते पावसाळ्यात. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. फुलं झोडपली जातात, मकरंद धुऊन जातो, माशीला पंख उघडायला सवड मिळत नाही. म्हणून इथलं माशीचं वर्ष पावसाने पाठ फिरवली की सुरू होतं, दसऱ्याच्या आसपास. नवख्याने पेटी आणायची तीही तेव्हाच.

आणायची कुठली माशी? आग्या माशी उंच झाडाला किंवा कड्याला एकच भलंमोठं पोळं टांगते. फुलोरीचं पोळं तळहाताएवढं, झुडपाच्या फांदीला. दोघींनाही उघडी हवा लागते, पेटीत त्या नांदत नाहीत. पोयाची माशी नांगी नसलेली, भिंतीच्या भोकात राहणारी आणि मध अगदी थोडा देणारी. उरली सातेरी. ती झाडाच्या ढोलीत, वारुळात, जुन्या भिंतीच्या पोकळीत राहते आणि अंधारात एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधते. लाकडी पेटी तिला आणखी एक ढोलीच वाटते.

पेटीचं सगळं मर्म एका फटीत आहे. 1851 साली लँगस्ट्रॉथ नावाच्या अमेरिकी धर्मोपदेशकाच्या लक्षात आलं की दोन पृष्ठभागांमध्ये साधारण 9 मिलिमीटर जागा सोडली, तर माश्या ती मोकळी ठेवतात, कारण तो त्यांचा येण्याजाण्याचा रस्ता असतो. जागा कमी असेल तर त्या चिकाने बुजवून टाकतात, जास्त असेल तर तिथे पोळं बांधतात. एवढ्या एका निरीक्षणावर उचलता येणाऱ्या चौकटींची पेटी उभी राहिली. त्याआधी बहुतेक ठिकाणी मध काढणं म्हणजे पोळं पिळणं आणि बहुतेक वेळा वसाहत मारणं. आपली सातेरी अंगाने लहान, तिच्या वाटाही थोड्या अरुंद. तिच्या मापाची छोटी पेटी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी बनवली.

जागा निवडताना सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारची सावली पाहायची. पेटीचं दार पूर्वेकडे असलेलं बरं. स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या हव्यातच, नाहीतर मुंग्या एका रात्रीत घर धुऊन नेतात. आणि एकदा ठेवलेली पेटी हलवायची नाही. माशी पहिल्यांदा बाहेर पडते तेव्हा सरळ उडून जात नाही. तोंड दाराकडे ठेवून ती हवेत झोके घेते, हळूहळू मोठी वर्तुळं काढते आणि आजूबाजूचा फणस, विहीर, कौलांची कड मनात नोंदवते. दुपारी पेटीपुढे अशी कोवळ्या माश्यांची गर्दी दिसली की नवशिक्याला वाटतं, माश्या खवळल्या. त्या फक्त पत्ता पाठ करत असतात. तुम्ही पेटी दहा-वीस फूट सरकवली, तर रानातून परतलेल्या माश्या जुन्या जागी येऊन रिकाम्या हवेत घिरट्या घालत राहतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात दारातच निम्मी बातमी कळते. मागच्या पायांवर परागाचे गोळे घेऊन माश्या उतरत असतील, तर आत अळ्या आहेत, म्हणजेच राणी अंडी घालते आहे. पराग हे पिल्लांचं अन्न. मग आठवड्यातून एकदा, ऊन असताना, टोपीची जाळी चढवून, धुराडं हाताशी ठेवून चौकट उचलायची. धूर बेतानेच, सातेरी फार धुराने बिथरते. त्या दिवशी केळं खाऊन पेटीपाशी जाऊ नये असं सांगतात, आणि ते खुळचट नाही. माशी डंख मारते तेव्हा सोबत एक धोक्याचा वास सोडते, आणि त्यातलं मुख्य द्रव्य तेच, ज्यामुळे पिकलेल्या केळ्याला केळ्याचा वास येतो. ज्याला डंखाने अंगभर गांधी उठतात किंवा श्वास लागतो, त्याने मात्र हा छंद लांबूनच पाहावा, यात धाडस दाखवण्यासारखं काही नाही.

चौकटीवर काय दिसतं? मधोमध पिल्लांचा गोल, त्याभोवती परागाची कड, वरच्या कोपऱ्यांत मध. पिल्लांच्या भागात तापमान 34-35 अंशांवर धरलेलं असतं, बाहेर महाबळेश्वरची थंडी असो की चिपळूणचा उकाडा. थंडीत माश्या पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवून उष्णता करतात. उकाड्यात पाणी आणून पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. इथे सातेरीची स्वतःची तऱ्हा आहे. युरोपियन माशी दारात तोंड आत करून पंख हलवते आणि आतली हवा बाहेर ओढते. सातेरी तोंड बाहेर करून उभी राहते आणि बाहेरची हवा आत ढकलते. काम तेच, वाऱ्याची दिशा उलटी. नर वाढतात त्या घरांच्या टोपणांना मध्यभागी टाचणीने टोचल्यासारखं भोक असतं, हीही सातेरीचीच खूण. राणीने फलित न केलेल्या अंड्यातून नर होतो. म्हणजे नराला बाप नसतो, आजोबा मात्र असतो. हे वाक्य दोनदा वाचावं लागतं, पण खरं आहे.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात धांदलीचा काळ. रान फुलतं, माश्या वाढतात, पेटी अपुरी पडू लागते. पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याएवढ्या लोंबत्या कोठड्या दिसल्या की समजावं, नव्या राण्या घडताहेत. नवी राणी बाहेर येण्याआधी जुनी राणी जवळजवळ निम्म्या माश्या घेऊन निघते आणि आंब्याच्या फांदीला घोस लटकतो. शेजारी घाबरून रॉकेल शोधतात. खरं तर या घोसातल्या माश्या सगळ्यात शांत असतात. पोटात मध भरून निघालेल्या, राखायला घर नाही, पिल्लं नाहीत. अनुभवी मधपाळ इथपर्यंत वेळ येऊ देत नाही, तो कोठड्या दिसताच वसाहतीची विभागणी करतो आणि एकाच्या दोन पेट्या होतात.

घोसाच्या पृष्ठभागावर काही माश्या नाचत असतात. त्या नव्या घराची जागा सांगताहेत. फुलांची बातमी सांगायची रीतही हीच. पोटाचा भाग थरथरवत माशी एका सरळ रेषेत चालते, वळून मागे येते, पुन्हा तीच रेषा. हे पेटीत, मिट्ट अंधारात, उभ्या पोळ्यावर. तिथे ‘वर’ म्हणजे सूर्याची दिशा. रेषा उभ्यापासून उजवीकडे 40 अंश झुकली, तर फुलं सूर्याच्या उजवीकडे 40 अंशांवर. थरथरत चालण्याचा वेळ जितका जास्त, तितकं अंतर लांब. हे कोडं कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडलं आणि त्यांना 1973 चं नोबेल मिळालं. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर 1950 च्या दशकात श्रीलंकेत आले आणि आपल्याकडच्या माश्यांचे नाच त्यांनी मोजले. प्रत्येक जातीची बोली वेगळी निघाली. सातेरी फार लांब जात नाही, बहुधा किलोमीटर-दीड किलोमीटरच्या आत. म्हणून थोड्याशा अंतरासाठीही ती लांबलचक थरथरते, तर दूरवर भटकणारी आग्या तेवढंच अंतर आटोपशीर सांगते. दक्षिण भारतात आग्या, फुलोरी आणि सातेरी या तिघींवर झालेल्या, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानेही याला दुजोरा दिला.

लिंडाउअर यांनी आणखी एक पाहिलं. सूर्य थेट माथ्यावर आला की माश्यांची दिशा गोंधळते. डोक्यावरच्या सूर्याला कसली डावी-उजवी? पुणे-महाबळेश्वरच्या पट्ट्यात शून्य सावलीचा दिवस मे महिन्याच्या मध्याला येतो. त्या दुपारी पेटीसमोर बसण्याइतका वेळ काढावा असं मला फार वाटतं.

मध येतो तो फेब्रुवारीपासून मेपर्यंत. जांभूळ, हिरडा, गेळा अशी झाडं पाळीपाळीने फुलतात आणि प्रत्येकाचा मध वेगळा. जांभळाचा गडद, किंचित कडसर. मकरंद हे बरंचसं पाणीच असतं. माश्या तो एकमेकींच्या तोंडातून फिरवतात, घरांत पसरतात, रात्रभर वारा घालतात आणि पाणी पाचव्या हिश्श्याच्या आसपास उरलं की मेणाचं झाकण लावतात. झाकण लागलेल्या चौकटीच काढायच्या. कच्चा मध आंबतो. मधयंत्रात चौकट फिरवली की मध बाहेर पडतो आणि पोळं अख्खं परत देता येतं. पहिल्या वर्षी चार-पाच किलो मिळाला तर नशीब म्हणा. आणि फक्त वरच्या मधकोठीतला घ्या. खालच्या पोळ्यांतला मध त्यांच्या पावसाळ्याचा आहे. तिथे हात घालणाऱ्याची पेटी ऑगस्टपर्यंत रिकामी झालेली असते.

कारण सातेरी उपाशी मरत बसत नाही, निघून जाते. एका सकाळी सगळी वसाहत घर सोडते. तिच्यावर ‘पळपुटी’ असा शिक्का मारतात, मला तो अन्याय वाटतो. अन्न संपलं, मेणकिडा शिरला, मुंग्यांनी छळलं, तर घर सोडणं हाच शहाणपणा. जूनच्या आधी मधकोठी काढून पेटी आटोपशीर करायची, माश्यांनी न झाकलेली पोळी बाहेर घ्यायची, छपराला प्लास्टिक बांधायचं, आणि दर आठवड्याला संध्याकाळी साखर-पाणी समप्रमाणात आत ठेवायचं. तळपाट खरवडून साफ ठेवायचा, मेणकिड्याची अंडी तिथल्या कचऱ्यात असतात. पावसाने उघडीप दिली की गांधीलमाश्या दारात घिरट्या घालू लागतात. सातेरी त्यांना नुसती डंख मारत बसत नाही. शेकडो माश्या शत्रूभोवती गोळा होऊन अंग थरथरवतात आणि गोळ्याच्या आत तापमान 45 अंशांच्या वर नेतात. गांधीलमाशी त्या उष्णतेने मरते, सातेरी तेवढी काही अंशांच्या फरकाने तगते.

हे सगळं एकट्याने पुस्तकातून शिकू नये. पुण्याला 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला खादी मंडळाचं मध संचालनालय आहे. 2022 साली ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालेलं मांघर तिथून जवळच. डंख खाऊन खाऊन निर्ढावलेल्या मधपाळाबरोबर घालवलेला एक दिवस बऱ्याच शंका फेडतो.

त्यांच्याकडून कारवीचं वेळापत्रकही विचारून घ्यावं. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, आणि फुलते तेव्हा डोंगरच्या डोंगर जांभळे होतात. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात 2016 साली असाच बहर आला होता. तो येतो पावसाळ्याच्या शेवटी, पेट्या अशक्त असतात तेव्हा. कामकरी माशी काही आठवडे जगते, राणी दोन-तीन वर्षं. म्हणजे बहर येतो त्या दिवशी पेटीतल्या एकाही माशीने कारवीचं फूल कधी पाहिलेलं नसतं, राणीच्या आईनेही नाही. तरी एखादी शोधणारी माशी पहिल्या फुलावर उतरते, परत येऊन नाचते, आणि दुपारपर्यंत सगळी पेटी डोंगराकडे धावते. मधपाळाकडून एवढंच लागतं, की त्या वर्षी साखर-पाण्याची कंजुषी जुलैत करायची नाही.