न फोडलेलं पत्र

आपण ज्याला ओव्हिड म्हणतो, त्या रोमन प्रेमकवीने आपल्या कवितेत स्वतःला कधीच त्या नावाने हाक मारली नाही. त्याचं पूर्ण नाव पुब्लिउस ओविदिउस नासो. ‘ओविदिउस’मध्ये लागोपाठ तीन लघू येतात आणि ते त्याच्या वृत्तात बसत नाहीत. म्हणून ओळींमध्ये तो नेहमी ‘नासो’ असतो. इंग्रजीने मात्र कुळाचं नाव घेतलं, त्याचा शेवट छाटला आणि ‘ओव्हिड’ रूढ केलं. १५९९ मध्ये लंडनला बिशपांच्या हुकमाने त्याच्या प्रेमकवितांचं इंग्रज कवी मार्लोने केलेलं भाषांतर जाळण्यात आलं, तरी नाव टिकलं. मराठीत ते इंग्रजीतूनच आलं.

असाच खऱ्या नावाने न ओळखला जाणारा दुसरा कवी बहरीनचा. आज मनामा, जिदहफ्स, मुहर्रक ही गावं ज्या बेटांवर आहेत, त्यांना जुने अरब ‘अवाल’ म्हणत. ‘बहरीन’ म्हणजे तेव्हा समोरच्या अरबी किनाऱ्याचा मोठा पट्टा, कतीफ आणि हसासकट. सहाव्या शतकात याच मुलखातल्या बक्र टोळीत एक कवी झाला. नाव अम्र, बापाचं नाव अल्-अब्द; पण जग त्याला ‘तरफा’ या टोपणनावानेच ओळखतं. खौला नावाच्या प्रेयसीच्या ओसाड मुक्कामापासून सुरू होणारी त्याची दीर्घ कविता ‘मुअल्लकात’ या सात गाजलेल्या कवितांपैकी एक आहे.

त्याच्या मृत्यूची हकिगत अरबी परंपरेने जिवापाड जपली आहे. इराकमधल्या हीराच्या दरबारात तरफा आणि त्याचा मामा मुतलम्मिस यांचं येणंजाणं होतं. (‘मुतलम्मिस’ हेही टोपणनावच, खरं नाव जरीर.) दोघांनीही राजा अम्र इब्न हिंदची कवितेतून टर उडवली. राजाने वरवर राग गिळला आणि बहरीनच्या सुभेदाराच्या नावे दोघांच्या हाती एकेक मोहोरबंद पत्र दिलं: तिथे जा, बक्षिसी मिळेल. मामाला संशय आला. त्याने हीरातल्या एका मुलाकडून आपलं पत्र वाचून घेतलं. आत त्याला ठार मारण्याचा हुकूम होता. त्याने पत्र नदीत फेकलं आणि शामकडे, म्हणजे सीरियाकडे, पळ काढला. तुझ्याही पत्रात हेच असणार, असं त्याने भाच्याला बजावलं. तरफाने मोहोर फोडली नाही. तो बहरीनला पोचला आणि मारला गेला. बहीण खिर्निकने लिहिलेल्या शोकगीतामुळे त्याचं वय परंपरेला ठाऊक आहे: सव्वीस. घेऊन जाणाऱ्याचाच घात करणाऱ्या पत्राला अरबीत आजही ‘मुतलम्मिसचं पत्र’ म्हणतात.

ओव्हिडलाही सत्तेनेच संपवलं. इ.स. ८ मध्ये सम्राट ऑगस्टसने त्याला काळ्या समुद्राकाठच्या तोमिसला हद्दपार केलं आणि तो तिथेच वारला. पण त्याच्या बाजूने लॅटिन शाळा होत्या, मठ होते, नकलनवीस होते. तरफा युरोपात पोचायला १७४२ उजाडलं. त्या वर्षी जर्मन अभ्यासक राइस्केने लायडनला त्याची कविता छापली आणि लॅटिन मुखपृष्ठावर कवी ‘थाराफा’ झाला. पुढे १७८२ मध्ये विल्यम जोन्सने सातही कविता इंग्रजीत आणल्या. त्याने ‘तरफा’ जवळजवळ जसाच्या तसा ठेवला, याच सात कवींपैकी इम्रुल कैसचं मात्र ‘अम्रिओल्कैस’ केलं. हाच जोन्स वर्षभरात न्यायाधीश होऊन कलकत्त्याला आला आणि त्याने ‘शाकुंतल’ इंग्रजीत नेलं.

पुढचा टप्पा तर आपल्या भायखळ्याचा. १८९० च्या दशकात तिथल्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यातून कॅप्टन जॉन्सनचं या सात कवितांचं इंग्रजी भाषांतर निघालं. त्याला प्रस्तावना होती शेख फैजुल्लाभाईंची. अरबी प्रेमकवितेचं एक महत्त्वाचं इंग्रजी पुस्तक मुंबईत तयार झालं, याची मराठी वाङ्मयेतिहासाने ठळक नोंद घ्यायला हवी.

ओव्हिडचं नाव आता बदलणार नाही, बदलायची गरजही नाही. तरफाचं तसं नाही. अरबी समुद्रापलीकडचा हा कवी आपल्याकडे लायडन-लंडनच्या वळशाने का यावा? आज कितीतरी मराठी घरं बहरीनमध्ये राहतात. त्यांच्यापैकी अरबी शिकलेल्या कुणीतरी ती कविता मुळातून मराठीत आणावी आणि मुखपृष्ठावर कवीचं पूर्ण नाव छापावं: अम्र इब्न अल्-अब्द, म्हणजेच तरफा.