पुण्यातील एक संशोधन आणि गावातील एक समज

नारायणगाव-मंचरहून पुण्याकडे निघाले म्हणजे राजगुरुनगर आणि चाकण मागे पडते आणि भोसरीचा औद्योगिक भाग लागतो. भाजीपाल्याच्या गाड्या, कामावर जाणारी मंडळी, मोठ्या दवाखान्याला निघालेली म्हातारीकोतारी, सारे याच रस्त्याने जातात. त्या कारखान्यांच्या गर्दीत एक संस्था अशी आहे की तिच्या कामाचा आपल्या घराघरांशी संबंध आहे. पण तिचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९९२ साली स्थापन केलेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था ती हीच. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून लोक तिला ‘नारी’ म्हणत आले. अलीकडे तिचे नाव बदलले आहे. जुने नाव पडले ते योगायोगाने. पण तेथील ज्या संशोधनाविषयी मी आज बोलणार आहे, त्याचा विषय मात्र खरोखरच नारी हा होता. ते करणाऱ्यांत अग्रभागी होते डॉ. रमण गंगाखेडकर.

मी वैद्य नव्हे. महाविद्यालयात शिकवणारा माणूस आहे. परंतु या संशोधनाचा निष्कर्ष समजायला वैद्यकी शिकलेली असावी लागत नाही. त्रैराशिक येत असले आणि मन थोडे मोकळे असले म्हणजे पुरे.

आधी रोगाविषयी दोन शब्द. अमेरिकेत १९८१ साली काही रोगी असे आढळले की साधे साधे आजारही त्यांना झेपेनात. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्यामागचा विषाणू शोधून काढला. त्यालाच आपण एच.आय.व्ही. म्हणतो. आपल्या देशात तो प्रथम सापडला १९८६ साली, चेन्नईत. डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी तो तपास केला होता.

हा विषाणू करतो काय? आपल्या रक्तात काही पांढऱ्या पेशी असतात. रोगजंतू शरीरात शिरला की आरोळी ठोकून इतरांना जागे करणाऱ्या या पेशी म्हणजे गावचे राखणदारच. विषाणू नेमका या राखणदारांच्याच घरात शिरतो, तेथेच वाढतो आणि त्यांना मारतो. राखण उठली की क्षयासारखे रोग मोकाट सुटतात. त्या अवस्थेला एड्स म्हणावयाचे. परंतु येथवर यायला उपचाराविना बहुधा आठ-दहा वर्षे लागतात. तोवर माणूस धडधाकट दिसतो, शेत नांगरतो, गाडी हाकतो, लग्नही करतो. चेहऱ्यावरून काही कळत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

आता समजाविषयी. १९९०च्या सुमारास सगळीकडे असे मानले जाई की हा रोग ‘तसल्या’ लोकांचा. देहविक्रय करणाऱ्या बाया, त्यांच्याकडे जाणारे पुरुष, फार तर लांबच्या पल्ल्याचे गाडीवान. घरात राहणाऱ्या, नवऱ्यावाचून कोणाला न ओळखणाऱ्या स्त्रीला त्याची काय भीती? आणि एखादीच्या रक्तात तो निघालाच, तर मग तिचेच काही वाकडे पाऊल पडले असणार! असा सरळ हिशेब होता.

डॉ. गंगाखेडकर आणि त्यांच्या पुण्यातील व परदेशांतील सहकाऱ्यांनी हा हिशेब तपासून पाहिला. मे १९९३ ते जुलै १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोगांच्या दोन दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची त्यांनी विचारपूस केली व रक्त तपासले. त्यांपैकी ५२५ जणी देहविक्रय करणाऱ्या होत्या. उरलेल्या ३९१ जणी तसे काही न करणाऱ्या, बहुतेक घरसंसारी. पहिल्या गटात शंभरास जवळजवळ पन्नास जणींना लागण निघाली. ते वाईट असले तरी अनपेक्षित नव्हते. दुसऱ्या गटात हे प्रमाण निघाले १३.६ टक्के. म्हणजे ३९१ पैकी सुमारे ५३ जणी.

मग प्रश्न आला, यांना रोग आला कोठून? संशोधकांनी एकेक कारण पडताळून पाहिले. त्यात नक्की संबंध दिसला तो एकाच गोष्टीचा: नवऱ्याला गुप्तरोग असणे. जोडीदार एकच, तो म्हणजे आपला नवरा, आणि रोग आला तोही त्याच वाटेने. १९९७च्या डिसेंबरात हा लेख अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. त्याच्या शीर्षकातच एकनिष्ठ विवाहित स्त्रियांचा उल्लेख होता.

शिक्षक बंधुभगिनींसाठी येथे एक सावधगिरी सांगतो. शंभरात तेरा-चौदा हे प्रमाण सगळ्या विवाहित स्त्रियांचे नव्हे. या स्त्रिया गुप्तरोगाची काही तक्रार घेऊन दवाखान्यात आलेल्या होत्या; साऱ्या पुण्याचा तो नमुना नव्हता. आकडा ज्या पिशवीतून काढला त्याच पिशवीला लावावा, हा गणिताचा नियम. परंतु ‘घरसंसारी स्त्रीला धोका नाही’ हा समज खोटा पाडायला एवढा पुरावा पुरेसा होता.

आता आपल्या जुन्नर-आंबेगावकडे वळू. घरचा कर्ता माणूस मुंबईला, चाकणला नाहीतर भोसरीला, आणि बायको-पोरे गावी, ही रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. डबे पोचवणारी, बाजारात ओझी वाहणारी, कारखान्यांत राबणारी ही माणसे. त्यांच्या घामावर गावच्या चुली पेटतात. परगावी राहणारा तो वाईट, असे मी मुळीच म्हणत नाही. मी बोलतो आहे ते निराळ्या गोष्टीबद्दल.

बाई गरोदर राहिली की तपासणीला जाते. तेथे इतर तपासण्यांबरोबर तिची संमती घेऊन ही तपासणीही होते. आणि ती व्हावीच. पोटातल्या बाळासाठी तिचा फार उपयोग आहे. पण त्यामुळे होते काय, की घरात पहिली तपासली जाते ती बाई. रोग प्रथम तिच्या कागदावर दिसतो, म्हणून रोग आणणारी तीच ठरते. नवऱ्याची तपासणी झालेलीच नसते. तो धडधाकट दिसतो, तेव्हा तो निर्दोष! आठ-दहा वर्षे काही न दिसणाऱ्या रोगाबद्दल हा न्याय. पहिल्याने सापडली म्हणजे पहिल्याने आजारी पडली असे होत नाही. धूर ज्याच्या छपरातून आधी दिसला त्यानेच आग लावली, असे म्हणण्यासारखे ते आहे. सुनेला माहेरी धाडणारी घरे, नवरा वारल्यावर विधवेचा जमिनीतील वाटा तोडणारे भाऊबंद, यांच्या हाती काही पुरावा नसतो. असतो तो केवळ तपासणीचा क्रम. पुण्याच्या त्या संशोधनाने नेमके हेच दाखवले, की बाण बहुधा उलट दिशेने आलेला असतो.

मग यावर उपाय काय? श्रोते हो, येथून पुढची हकीकत मात्र आशेची आहे. या रोगाला एकच औषध दिले तर विषाणू थोड्याच काळात त्याला सरावतो. द्राक्षबागा असलेल्या मंडळींना हे नव्याने सांगायला नको. भुरीवर तेच ते औषध मारीत राहिले की पुढे ते लागू पडत नाही. म्हणून १९९६च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली आणि मरणाच्या दारातली माणसे उठून कामाला लागली. पण वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर! २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी हीच औषधे वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली आणि जगभर किमती कोसळल्या. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने ती फुकट देण्यास सुरुवात केली. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता.

पुढे २०११ साली नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवरील एका अभ्यासाचा निकाल लागला. त्यांत पुण्यातील व चेन्नईतील जोडपीही होती. लागण झालेल्या जोडीदाराला वेळेवर औषध सुरू केले तर दुसऱ्याला लागण होण्याचे प्रमाण शंभरातील शहाण्णव भागांनी घटते, असे त्यात दिसले. आज आपल्याला याहून पुढचे ठाऊक आहे: रोज औषध घेऊन रक्तातील विषाणू मोजण्यापलीकडे गेला, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. २०१७ पासून आपल्याकडे निदान होताच औषध सुरू करण्याचे धोरण आहे. आईला औषध नसेल तर शंभरातील पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होऊ शकते. नीट उपचार झाले तर हे प्रमाण पाचाच्या खाली येते. म्हणजे जी तपासणी आज सुनेवर आळ आणते, तीच वेळेवर आणि दोघांची झाली तर सारे घर वाचवू शकते.

डॉ. गंगाखेडकरांचे काम त्या एका लेखावर थांबले नाही. संस्थेत रोगी तपासणे आणि संशोधन करणे ही दोन्ही कामे त्यांनी वर्षानुवर्षे केली, पुढे तिचे प्रभारी संचालकपदही सांभाळले. नंतर ते दिल्लीला संशोधन परिषदेच्या साथरोग विभागाचे प्रमुख झाले. २०१८ साली केरळात निपाह विषाणूची साथ आली तेव्हा ते तेथे होते. २०२० साली कोरोनाच्या पहिल्या महिन्यांत संध्याकाळी सरकारच्या वतीने शांतपणे माहिती देणारे गंगाखेडकर आपल्यापैकी पुष्कळांनी दूरदर्शनवर पाहिले असतील. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली. रोग बदलले, पण काम तेच: अफवेच्या जागी आकडा ठेवणे, आणि आकड्यामागचे माणूस न विसरणे.

शेवटी शिक्षकांसाठी आणि गावच्या जाणत्या मंडळींसाठी चार गोष्टी. एक, हा रोग एका ताटात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने, हात धरल्याने किंवा डास चावल्याने होत नाही. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, दूषित सुया आणि आईकडून बाळाला, एवढ्याच त्याच्या वाटा. दोन, २०१७चा एच.आय.व्ही.-एड्स कायदा २०१८च्या सप्टेंबरात लागू झाला आहे. त्यानुसार अशा मुलाला शाळा नाकारता येत नाही, माणसाला या कारणाने कामावरून काढता येत नाही, आणि त्याची गोष्ट चारचौघांत फोडताही येत नाही. एखादे पोर रोज एक गोळी घेत असेल तर वर्गात त्याची चौकशी करू नका. तीन, तपासणी व औषधे सरकारी व्यवस्थेत मोफत आहेत. १०९७ या क्रमांकावर फुकट माहितीही मिळते. चार, गरोदर सुनेबरोबर मुलालाही तपासणीला पाठवा. तोच जाईल असे सासूने ठरवले तर कोणाची टाप आहे नाही म्हणायची?

आपल्या देशात २०२३च्या सरकारी अंदाजाप्रमाणे सुमारे २५ लाख माणसे या विषाणूसह जगत आहेत, आणि संख्येने सर्वांत अधिक महाराष्ट्रात आहेत. त्यांतील कोणी आपल्या गल्लीत असेल. ती जर एखादी विधवा असेल आणि पंचांसमोर तिच्या वाट्याचा प्रश्न आला, तर आधी एवढेच विचारा: नवऱ्याची तपासणी कधी झाली होती का? नसेल झाली, तर तिच्यावर आळ घेण्याचा अधिकार तेथे बसलेल्या कोणालाही नाही.