पेठांच्या पोटातलं पाणी

माझ्या आजोबांची भातखाचरं पानशेत धरणाच्या पाण्याखाली गेली. वेल्हे तालुक्यात, आता ज्याला राजगड तालुका म्हणतात, आंबी आणि मोसे या नद्यांवर पानशेत आणि वरसगाव ही धरणं आहेत. पुण्याच्या नळाला येणारं पाणी मोठ्या प्रमाणात तिथलंच. म्हणून शनिवारवाडा, सारसबाग पाहून झालेल्या माणसांना मी वेगळंच पुणं पाहायला सांगते : आमच्या खोऱ्यातलं पाणी पोचण्याआधी हे शहर जे पाणी पीत होतं, त्या पाण्याचं पुणं. गेल्या हिवाळ्यात पुण्यात शिकणाऱ्या भाचीला घेऊन मी ते दिवसभर पाहिलं.

नसरापूरवरून येणारी एसटी सोडून मी कात्रजलाच उतरले. तिथे गर्दी असते ती प्राणिसंग्रहालयातले वाघ बघायला. तळ्याकडे फारसं कोणी निरखून पाहत नाही. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी इथे आंबील ओढ्याला बांध घातला आणि जमिनीखालून दगडी नळ थेट शनिवारवाड्यापर्यंत नेला. कात्रज उंचावर, शहर खाली. पाणी उताराने आपोआप वाहत जायचं. उतार जास्त झाला तर पाणी बांधकाम खातं, कमी झाला तर गाळ बसतो. तो नेमका साधणाऱ्या गवंड्यांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत, याचं मला वाईट वाटतं. नळ काही ठिकाणी माणूस आत चालू शकेल एवढा मोठा आहे आणि हवा खेळती राहावी, गाळ काढता यावा म्हणून वाटेत उच्छ्वास ठेवलेले आहेत.

हे पाणी पेठांमधल्या हौदांत पडायचं. काळा हौद, बदामी हौद ही नावं आता फक्त पत्ता सांगायला उरली आहेत. "मावशी, मी रोज इथून जाते, पण हौद म्हणजे खरंच हौद हे डोक्यातच आलं नव्हतं," भाची म्हणाली.

पण हौद भरलेला असला म्हणजे सगळ्यांची तहान भागायची असं नाही. ते कळायला गंज पेठेतल्या फुलेवाड्यात जावं लागतं. ठेंगणं, साधं घर. आवारात जोतीरावांची समाधी. 1868 साली त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पाण्यासाठी कुणीतरी वरून ओंजळीत ओतेल याची वाट पाहणाऱ्या माणसांना त्यांनी स्वतःच्या हाताने पाणी घ्यायला बोलावलं. पुण्यात बघण्यासारखं काय आहे असं कुणी विचारलं, तर मी आधी हा वाडा सांगते. आम्ही तिथे बराच वेळ थांबलो.

सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीला घाईतच गेलो. मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती, दर्शनी भिंतीवर साखळदंडात जखडलेला गेंडा, आणि खाली तळघर, जिथे पाणी साचतं.

गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशन मात्र चुकवू नये. इथलं चर्च 1885 सालचं, घंटेचा उंच मनोरा त्याच्या शेजारी वेगळा उभा. 1890 साली गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी शहरातल्या नामवंतांना इथल्या व्याख्यानाला बोलावलं. टिळक होते, न्यायमूर्ती रानडेही होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. पुढे हजर असलेल्यांची नावं छापून आली, ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि टिळक-रानड्यांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका चहाच्या कपावरून! फुल्यांनी हौद खुला करून तेव्हा बावीस वर्षं झाली होती.

पेठेतल्या प्रत्येक जुन्या हौदाच्या जागी महापालिकेने एक पाटी लावावी, असं मला मनापासून वाटतं. हौद कुणी बांधला हे त्यावर लिहावंच. इथे कुणाला पाणी भरता यायचं आणि कुणाला नाही, तेही लिहावं.