चाकांवरची खोली : पायापासून बांधलेली आणि मालाच्या डब्यातून घडवलेली

अमेरिकेत मोटारीमागे ओढून न्यायचा, आत झोपायची आणि रांधायची सोय असलेला कॅम्पर स्वतःच्या हाताने करणाऱ्यांपुढे दोन वाटा असतात. नुसती लोखंडी चासी घेऊन तिच्यावर भिंती, छत, दारे सगळे पायापासून उभे करायचे, ही एक. मालवाहतुकीसाठी बनवलेला बंद ट्रेलर, म्हणजे कार्गो ट्रेलर, विकत घेऊन त्याच्या आत संसार मांडायचा, ही दुसरी. यांची तुलना बहुधा खर्चावरून होते. निर्णय मात्र वजनावर व्हायला हवा, आणि किती वजन चालेल हे घरासमोर उभी असलेली गाडी सांगते.

पायापासून बांधण्याची वाट जुनी आहे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला वॉली बायम ट्रेलरचे नकाशे टपालाने विकत असत. त्यांच्या एअरस्ट्रीम कंपनीचा ॲल्युमिनियमचा ‘क्लिपर’ १९३६ साली आला. पाण्याच्या थेंबासारखी बाजू असलेला छोटा ‘टिअरड्रॉप’ ट्रेलरही त्याच दशकातला. ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकाने १९४७ साली त्याचे नकाशे छापले आणि घरच्या गॅरेजात तो बांधणाऱ्यांना हाताशी धरायला काहीतरी मिळाले. त्याचे माप आजही फारसे बदललेले नाही, कारण ते प्लायवुडवरून आलेले आहे. बाजारातला तक्ता ४ फूट बाय ८ फुटांचा. बाजूची एक भिंत एका तक्त्यात बसते. दोघांना झोपता येते, उभे राहता येत नाही, आणि स्वयंपाकाचा ओटा मागच्या झडपेखाली, उघड्यावर असतो.

या बांधणीत सगळ्यात अवघड काम त्या मागच्या झडपेचे. तिची कमान बाजूच्या भिंतींच्या कमानीशी तंतोतंत जुळावी लागते. वाकवलेल्या पातळ प्लायला मोकळे होताच थोडे सरळ व्हायची ओढ असते, म्हणून जाणकार बरगड्या किंचित जास्त वाकदार कापतात. झडप आणि छत यांच्या सांध्यात एकमेकांत अडकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्यांची लांब बिजागरी बसवतात, तरी पाणी आत शिरायला हीच जागा शोधते. प्लायवुडच्या कापलेल्या कडा पाणी सर्वांत आधी पितात. त्यामुळे पत्रा चढवण्यापूर्वी प्रत्येक कडेला पातळ केलेल्या इपॉक्सीचा हात देणे हा या कामातला न चुकवण्याचा भाग आहे.

गेल्या काही वर्षांत लाकडी सांगाडाच गाळून टाकण्याची पद्धतही रुजली आहे. इमारतींच्या उष्णतारोधासाठी मिळणाऱ्या फोमच्या जाड तक्त्यांतून भिंती कापायच्या, त्यांवर कॅनव्हास पाण्याला टिकणाऱ्या सरसाने चिकटवायचा आणि वरून घराच्या बाहेरचा रंग द्यायचा. अशा डब्याला ‘फोमी’ म्हणतात. त्यात लाकूड फक्त दारे, खिडक्या आणि कपाटे अडकवायच्या जागी लागते, आणि वजन आश्चर्य वाटावे इतके कमी भरते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अनेक छोट्या एसयूव्हींची ओढण्याची मर्यादा १,५०० पाउंड, म्हणजे सुमारे ६८० किलो असते. अशी गाडी असणाऱ्याला पायापासून बांधण्यावाचून खरे तर पर्यायच नाही.

कारण कार्गो ट्रेलर रिकामाच जड असतो. ६ बाय १२ फुटांचा, एका ॲक्सलचा साधा ट्रेलर साधारण ६०० ते ७०० किलोंचा भरतो. त्याचे कमाल भारित वजन पुष्कळदा २,९९० पाउंड लिहिलेले असते. ॲक्सल ३,५०० पाउंडांचा असूनही आकडा मुद्दाम खाली ठेवतात, कारण अनेक राज्यांत ३,००० पाउंडांपासून ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक सक्तीचे होतात. म्हणजे संसारासाठी उरतात साधारण ६५० ते ७५० किलो. आकडा मोठा वाटतो, पण २० गॅलन पाण्याचेच ७५ किलो होतात; त्यात फर्निचर, बॅटरी, गाद्या, सामान आणि एसी धरला की तो झपाट्याने खाली येतो.

त्या जडपणाच्या बदल्यात मिळते ते मोठे आहे: चासी, चाके, दिवे, छत आणि बाहेरचा पत्रा पहिल्या दिवसापासून तयार. पाऊस आला तरी काम आतून चालू राहते. उघड्या अंगणात बांधणाऱ्याला या एका गोष्टीचे मोल कळते. शिवाय कारखान्याकडे आधी मागणी नोंदवली तर छताची उंची वाढवून मिळते आणि सहा फुटी माणूस आत ताठ उभा राहू शकतो. इंडियानातील एल्कहार्ट परिसर अशा ट्रेलरांचा, तसेच तयार कॅम्परांचाही मोठा कारखानदारी पट्टा आहे.

पण हा डबा खोक्यांसाठी बनवलेला असतो, आणि खोकी श्वास घेत नाहीत. बंद जागेत दोन माणसे रात्रभर झोपली की श्वास आणि घाम यांतून अर्ध्या लिटरच्या आसपास, कधी त्याहून जास्त पाणी हवेत जाते. कार्गो ट्रेलरच्या भिंतीत दर १६ किंवा २४ इंचांवर पोलादी उभ्या पट्ट्या असतात. पट्ट्यांमध्ये कितीही फोम भरला तरी पोलाद बाहेरची थंडी थेट आत आणते, आणि थंडीच्या सकाळी नेमक्या त्या पट्ट्यांच्या रेषेत भिंतीवर दव धरते. ते आतल्या पॅनेलमागे झिरपले की बुरशी आणि गंज दोन्ही येतात. त्यावर उपाय असा: फोम पट्ट्यांमध्ये तर भरायचाच, पण पट्ट्यांवरूनही एक सलग पातळ थर न्यायचा, मग पॅनेल लावायचे, आणि छतात १४ इंची चौकोनी झरोक्यात पंखा बसवून खालची एक खिडकी थोडी उघडी ठेवायची. पायापासून बांधलेल्या लाकडी किंवा फोमच्या भिंतीत ही अडचण मुळातच कमी असते.

खिडकी कापणे हा रूपांतरातला सर्वांत धाकधुकीचा क्षण. आतून पट्ट्यांच्या जागा शोधायच्या, शक्यतो दोन पट्ट्यांमध्ये बसेल अशीच खिडकी निवडायची, बाहेरच्या रंगावर चिकटपट्टी लावून जिगसॉने कापायचे. पट्टी कापावीच लागली तर वरखाली आडव्या पट्ट्या वेल्ड करून भार वळवावा लागतो. कॅम्परच्या खिडक्या जाड भिंतीसाठी असतात; इथे भिंत बारीक, म्हणून आतून लाकडी चौकट देऊन जाडी भरून काढायची. बाहेर ब्युटाइल टेप, वर सीलंट. कापताना उडालेला लोखंडी कीस त्याच दिवशी पुसून काढावा. तो पडून राहिला तर काही आठवड्यांत पांढऱ्या रंगावर तांबूस ठिपके दिसू लागतात.

दारांकडे तर विशेष लक्ष हवे. कार्गो ट्रेलरच्या बऱ्याच दारांच्या कड्या फक्त बाहेरून चालतात, म्हणजे आत झोपलेला माणूस कोंडला जाऊ शकतो. बाजूच्या दाराला आतून उघडणारे कुलूप आणि अंग बाहेर काढता येईल एवढी एक खिडकी झाल्याशिवाय त्यात एकही रात्र काढू नये. गॅसवर काही चालणार असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोन्ही प्रकारांत अत्यावश्यक.

आतली मांडणी करताना एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडणाऱ्या पुढच्या सांध्यावर, आला पाहिजे. मागे जास्त भार गेला की वेग वाढताच ट्रेलर डुलू लागतो आणि गाडीलाही ओढतो. म्हणून पाण्याची टाकी ॲक्सलच्या जवळ ठेवतात: भरली काय, रिकामी झाली काय, तोल फारसा ढळत नाही. तयार ट्रेलरमध्ये ॲक्सलची जागा आधीच ठरलेली असल्याने सामान तिच्याभोवती मांडावे लागते; पायापासून बांधताना ॲक्सलच पुढेमागे करता येतो.

कागदपत्रांत कार्गो ट्रेलर सरस ठरतो. त्याच्यासोबत कारखान्याचा ओळख क्रमांक येतो, नोंदणी सरळ होते. घरी बनवलेल्या ट्रेलरसाठी बऱ्याच राज्यांत सामानाच्या पावत्या दाखवून, तपासणी करून घेऊन नवा क्रमांक मिळवावा लागतो, आणि विमा देणारा शोधायला वेळ जातो. भारतात हा प्रयोग करू पाहणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आधी वाचावे. उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही, आणि या कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरही मोटार वाहनच आहे.