गाडीला किक बसते, पण करंट येत नाही तेव्हा

मागच्या भागात आपण गटाच्या हिशोबवहीबद्दल बोललो. आज जरा वेगळा विषय घेतलाय. ऐकून काही जणी म्हणतील, हे काय बायकांचं काम आहे? पण ज्यांच्या घरात दूध, भाजी नाहीतर पापड-शेवया मोटारसायकलवरून बाजारात जातात, त्यांनी हे ऐकाच.

आमच्या गटातल्या एका ताईने गटाकडून कर्ज घेऊन जुनी शंभर सीसीची मोटारसायकल घेतली. रोज पहाटे दोन कॅन दूध संकलन केंद्रावर न्यायचं, वाटेत आणखी तिघींचं घ्यायचं. मृगाचा पाऊस सुरू झाला आणि गाडी पहाटे सुरूच होईना. दोनदा दूध परत आलं. दुपारी गॅरेजात नेली की मात्र एका किकमध्ये सुरू! मिस्त्री म्हणाले, सीडीआय आणि कॉइल दोन्ही बदलावं लागेल, अडीच-तीन हजार धरा. घरात सासूबाईंचं वेगळंच. "बाईमाणसानं चालवली म्हणून बिघडली." ताई मासिक बैठकीत दुसरं कर्ज मागायला उभी राहिली तेव्हा तिचा आवाज बसला होता.

आम्ही कर्ज नाकारलं नाही, पण आठ दिवस थांबवलं. आधी बिघाड कुठे आहे ते बघू, मग पैसे देऊ, असं ठरलं. तालुक्याला एक ओळखीचे फिटरभाऊ आहेत. त्यांनी आम्हा चौघींना बसवून सगळं शिकवलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी करंट येतो कुठून ते समजून घेऊ. या जुन्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत प्लगचा करंट बॅटरीतून येत नाही. इंजिन फिरलं की मॅग्नेट फिरतं, त्याच्या कॉइलमध्ये वीज तयार होते. ती सीडीआयच्या डबीत साठते. पिकअप कॉइलने इशारा दिला की डबी ती वीज इग्निशन कॉइलमध्ये सोडते, तिथे तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत वाढतो, आणि जाड वायर व कॅपमधून ती प्लगवर ठिणगी होऊन पडते. म्हणून हॉर्न वाजतो यावरून प्लगला करंट आहे असं समजू नका.

आता तपासणी. ती नेहमी स्वस्त वस्तूपासून सुरू करायची.

पहिलं, टाकीत पेट्रोल आणि कॉक चालू आहे ना ते बघा. दहा-बारा किक मारून प्लग काढा. प्लग पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, ठिणगीचा संशय घ्या. कोरडा असेल तर आधी पेट्रोलचा मार्ग बघा.

दुसरं, ठिणगी बघणं. प्लग कॅपमध्ये घाला आणि त्याचा लोखंडी भाग इंजिनच्या पंख्यांना घट्ट टेकवून ठेवा. चावी चालू करून कुणाला तरी किक मारायला सांगा. ठिणगी निळी आणि जोरकस हवी. पिवळसर, बारीक किंवा मधूनच येणारी असेल तर करंट कमजोर आहे. इथे तीन गोष्टी लक्षात ठेवा. प्लग उघड्या हातात धरू नका, जोरदार झटका बसतो. प्लगच्या भोकापासून तो लांब ठेवा, तिथून पेट्रोलची वाफ निघते आणि पेट घेऊ शकते. आणि प्लग इंजिनला न टेकवता किक मारू नका, त्याने कॉइल आणि सीडीआय खराब होऊ शकतात.

तिसरं, नवा प्लग लावून बघा. जुना प्लग बाहेर ठिणगी देतो, पण इंजिनच्या आत दाबाखाली देत नाही, असं होतं. प्लगच्या टोकातली फट गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते, तेवढीच ठेवा.

चौथं, कॅप. ती वायरवर फिरवून बसवलेली असते, फिरवली की निघते. वायरचं टोक हिरवं-काळं पडलं असेल तर पाच-सहा मिलिमीटर कापून कॅप पुन्हा बसवा. कॅपला चीर आहे का, रबर कडक झालंय का ते नीट बघा.

पाचवं, चावीचा स्विच. अशा गाडीत चावी बंद केली की एक वायर सीडीआयचा करंट जमिनीला जोडते. स्विच खराब झाला किंवा ती वायर घासून उघडी पडली, तर चावी चालू असूनही करंट मरतो. बऱ्याच गाड्यांत ही वायर काळी-पांढरी असते. प्लग बाहेर असतानाच ती सुटी करून किक मारा. ठिणगी आली तर दोष स्विचकडे. तपासून झालं की वायर परत जोडा, नाहीतर चावीने गाडी बंद होणार नाही.

एवढं करूनही ठिणगी नसेल तर मल्टिमीटर लागतो. गावातल्या वायरमनकडे असतो. इग्निशन कॉइलच्या छोट्या टोकांवर रोध साधारण एक ओहमच्या आत असतो, आणि कॅप काढून जाड वायरकडून मोजला तर काही हजार ओहम. मॅग्नेटमधल्या कॉइलचे आकडे पुस्तिकेशी ताडून बघा. मीटर काहीच दाखवत नसेल तर आत वायर तुटलेली आहे. सीडीआयचा मात्र मीटरवर भरवसा नाही. त्याच मॉडेलच्या चालू गाडीचा लावून बघायचा. म्हणूनच तो सगळ्यात शेवटी.

ज्यांची गाडी याहून जुनी, पॉइंटवाली आहे, त्यांनी पॉइंट स्वच्छ आहेत का आणि त्यांची फट बरोबर आहे का ते आधी बघावं.

आता ताईच्या गाडीचं काय झालं? पुढच्या ओल्या पहाटे आम्ही तिच्या अंगणात जमलो. अंधारात किक मारली, आणि कॅपच्या बाजूने एक निळी रेघ इंजिनवर उडताना सगळ्यांनीच पाहिली. कॅपला केसाएवढी चीर होती. चिरेत ओल गेली की करंट प्लगपर्यंत न जाता मधूनच पळायचा. दुपारी ओल वाळली की गाडी ठणठणीत! म्हणून गॅरेजात दोष सापडत नव्हता. नवी कॅप शंभर रुपयांच्या आत आली. सीडीआय आणि कॉइल अजून जुनेच आहेत. कर्जाचा अर्ज ताईने स्वतःच मागे घेतला.

मिस्त्री लबाड असतो असं आमचं म्हणणं नाही. त्याच्यासमोर गाडी बंदच पडली नाही, तो तरी काय करणार? पण गाडी कधी बंद पडते, पाऊस होता का, इंजिन गार होतं की तापलेलं, हे आपण नीट सांगितलं तर त्याचाही वेळ वाचतो आणि आपलेही पैसे वाचतात. आमच्या गटाने आता एक प्लग, एक कॅप आणि प्लग-पाना कायमचा घेऊन ठेवलाय. कपाटात हिशोबवहीच्या शेजारीच असतो.

आणि सासूबाई? आता दूध घालून परत येताना मागच्या सीटवर त्याच बसलेल्या असतात. देवळात जायचं असतं ना!

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.